मेलवरची आडवी रेघ

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही हे सगळ्या अहमदपूरला माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त त्यांना. त्यांच्या मते फोन खराब होता. नवा फोन आणला की तोही आठवड्याभरात खराब व्हायचा. मोंढ्यातल्या धान्यबाजारात कालवा फार वाढला होता, माणसं पूर्वीसारखी मोकळ्या गळ्यानं बोलत नव्हती, आणि आमच्या घरात तर सगळेच तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले होते. दोष सगळा जगाचा होता, कान तेवढे ठणठणीत होते.

आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे आणि मागच्या अंगाला छोटी डाळ मिल. शेतकऱ्याचा माल आमच्या ओट्यावर उतरतो, आणि मिलमधली तूरडाळ हैदराबाद, निजामाबाद, पार बेंगळुरूपर्यंत जाते. ही सगळी गिऱ्हाइकं आप्पांनी फोनवर जोडलेली. त्यातल्या निम्म्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा, गादीवर मांडी ठोकून बसायचं आणि रिसीव्हर कानाला. नुसत्या आवाजावरून माणूस किती पाण्यात आहे ते त्यांना कळायचं.

मी नांदेडची. माझे वडील रेल्वेच्या विभागीय कचेरीत होते, त्यामुळे घरात गाडी चुकली तरी चालेल पण वेळ चुकता कामा नये असा खाक्या. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. सासरी हे पहिल्याच सणाला कळलं आणि तेव्हापासून सगळे माझ्याशी जपून बोलतात, आप्पा सोडून. आप्पा मला "माय" म्हणतात आणि माझा राग पंख्याच्या वाऱ्यासारखा अंगावर घेतात. लग्नानंतर दुकानाचे जीएसटीचे कागद माझ्याकडे आले, कारण नवऱ्याला त्याचा कंटाळा होता. तिथून माझी दुकानात ये-जा सुरू झाली.

दुकानातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गादीच्या उशाला भिंतीत खिळा आहे आणि खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली. आलेली प्रत्येक मागणी आप्पा चतकोर कागदावर उतरवायचे आणि चिठ्ठी तारेत खोचायचे. माल भरला, गाडी लागली, समोरच्याला निरोप गेला, की निळ्या पेन्सिलीनं त्या चिठ्ठीवर आडवी रेघ. पण रेघ मारली म्हणून चिठ्ठी लगेच काढायची नाही. ती दिवसभर तिथंच, बाकीच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी. संध्याकाळी आप्पा तार मांडीवर घ्यायचे, एकेक चिठ्ठी परत बघायचे, रेघवाल्या सगळ्या एकदम काढायचे आणि मग दुकानातल्या महादेवापुढे दिवा लावायचे. बिनरेघेची एखादी राहिली तर दिवा उशिरा लागायचा.

"गिऱ्हाईक तिकडं वाट बघून राहिलंय आन आपुन हिकडं दिवा लावून मोकळं व्हायचं?" ते म्हणायचे. "म्हादेवाला चालंल का ते?"

एके दुपारी मी कागद घेऊन दुकानात गेले तर आप्पा फोनवर होते. हैदराबादचे शेठ. दोघांचा सौदा तरुणपणापासूनचा, दिवाळीला एकमेकांकडे मिठाई जायची. आप्पा हसून बोलत होते, "हाव शेठ. हाव, हाव. व्हय व्हय." मी समोर बसले. मोबाईल त्यांच्या कानाला होता आणि त्यातली टुक-टुक मला समोर ऐकू आली. ती फोन तुटल्याची होती. तिकडून फोन ठेवलेला होता आणि आप्पा "हाव, हाव" म्हणत होते. शेवटी आमच्या लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थ" असा नमस्कार करून त्यांनी मोबाईल खाली ठेवला, सवयीनं चतकोर कागद ओढला, पेन्सिल टेकवली, आणि काहीच लिहिलं नाही. तो कोरा कागद त्यांनी हळूच तक्क्याखाली सारला.

मला रडू आलं नाही, संताप आला. पण कुणावर काढायचा तेच कळेना.

पुढं पुढं फोन आला की समोरचा "आप्पा, पोराला द्या जरा" म्हणायचा. आप्पांना ते ऐकू येत नसे, पण नवरा हात पुढं करायचा त्यावरून कळायचं. लातूरहून कानाचं मशीन आणलं. ते घालून मोंढ्यात बसले तर हमालांच्या आरोळ्या, ट्रकचे भोंगे आणि कावळेसुद्धा एकाच आवाजात डोक्यात घुसायला लागले. मशीन पेटीत गेलं ते गेलंच. व्हॉट्सअॅप करून दिलं, तर व्यापारी जमात टाइप करायला आळशी, सगळे बोलूनच निरोप पाठवायचे. म्हणजे तिथंही कानच पाहिजेत. मग आप्पा दुकानात उशिरा जायला लागले, लवकर यायला लागले, आणि एका दिवशी गेलेच नाहीत. अंगणात सूप घेऊन डाळ निवडत बसले. मिलमधून मशीनवर साफ होऊन आलेली डाळ. तिच्यात खडा सापडायचा नाही आणि हे काही उठायचे नाहीत.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वा एकदा चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "मानूस जिता हाय आन दुकान गेलं त्येचं." त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. पण मी नांदेडची आहे, मला सांगावं लागत नाही.

*

त्याआधी दोन-एक वर्षांपूर्वी नवऱ्यानं नांदेडच्या एका माणसाकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली होती. तिच्यासोबत दुकानाच्या नावाचा मेल मिळाला होता. मेलचा पत्ता बिलावर छापला, पिशवीवर छापला, पाटीवर रंगवला. छापला की काम झालं असं आमच्याकडे मानतात. तो उघडून बघावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी उघडला, तेही जीएसटीच्या एका कामासाठी, आणि बघते तर आत चौकश्या पडलेल्या. निजामाबादची एक, बेंगळुरूच्या दोन. आणि हैदराबादच्या शेठच्या पेढीचा मेल: यापुढे आमचे सौदे फक्त लेखी होतील, फोनवर नाही, कृपया मेल करावा.

मी तो मेल वाचला आणि खुर्चीतून उठलेच. ज्याला कान लागत नाहीत असा धंदा आमच्या पाटीवर रंगवलेला होता आणि आम्ही डाळ निवडत बसलो होतो!

नवरा म्हणाला, "मी माझ्या मोबाईलवर घेतो ते मेल. आप्पांना कशाला तरास देतीस? ह्या वयात काम्प्युटर शिकवणार का त्यांना?"

"हाव," मी म्हटलं.

"अन् न्हाई जमलं तर?"

"नवी तूर मोंढ्यात येईपर्यंत बघते. नाही जमलं तर घ्या तुमच्या मोबाईलवर."

तो हसला. त्याला वाटलं पैज त्यानं जिंकलीच आहे. मला मात्र एवढंच दिसत होतं की हा मेलही नवऱ्याच्या खिशात गेला, की आप्पांचं सूप कायमचं.

नांदेडच्या वेबसाइटवाल्यानं सांगितल्याप्रमाणे मेलचं पान उघडलं, पासवर्ड टाकला, तर आत शिरायला तीन दारं. शेजारी शेजारी तीन चित्रं, तीन वेगवेगळे प्रोग्रॅम. मेल तेच, खातं तेच, फक्त कोणत्या खिडकीतून बघायचं ते आपण ठरवायचं. मी वेबसाइटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मधला घ्या. छान दिसतो. डावीकडचा जुनाट आहे, कुणी वापरत नाही. उजवीकडचा तर विसराच." एवढं बोलून त्यानं ठेवून दिला. माझ्या अनुभवात, जो माणूस एका दमात निवडून देतो त्यानं स्वतः वापरलेलं नसतं.

तिघांची इंग्रजी नावं आप्पांच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही बारसं केलं. उजवीकडचा अगदी उघडाबोडका, ना रंग ना रूप, तो बैरागी. मधला निळा, झुळझुळीत, बोट लावलं की काहीतरी सरकणारा, तो नवरदेव. आणि डावीकडचा करडा, पडदाभर बारीकसारीक चौकोन आणि याद्या घेऊन बसलेला, तो मुनीम.

मी कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या, पडद्यावरची अक्षरं मोठी केली आणि आप्पांना दुकानातल्या बुटक्या मेजापुढे बसवलं. ते आले ते माझ्या धाकानं. शिकायची हौस वगैरे काही नव्हती.

"काय करून राहिलीस माय? म्हातारपणी नाचवती का मला?"

"नाचू नका. नुसतं बोट लावा." मी त्यांच्या समोर उभी राहून मोठ्यानं बोलत होते. अशी बोलले की त्यांना बरंचसं कळायचं. घसा बसला, पण ती पुढची गोष्ट.

बैराग्याचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. आप्पांनी एका बोटानं, जीभ दातात धरून, "शरणार्थ" लिहिलं आणि मी ते माझ्याच पत्त्यावर पाठवलं. तिकडं उमटली नुसती प्रश्नचिन्हं. एकाला एक चिकटलेली, सगळी ओळ. कदाचित कुठं काही बदललं असतं तर सुधारलं असतं, पण आप्पांनी पडद्याकडं बघून हात जोडले. "आपुन शरणार्थ म्हनायचं आन त्यानं 'का? का? का?' विचारायचं. नको बाबा." बैरागी गेला.

मग नवरदेव. नवरदेव आप्पांना आवडला. रंग आवडला, मोठी अक्षरं आवडली. बेंगळुरूच्या मेलला त्यांनी स्वतः उत्तर लिहिलं आणि ते गेलं. मग मी शिकवलं, काम झालं की हे बटण दाबायचं, मेल पुसला जातो. त्यांनी दाबलं. मेल सर्रकन नाहीसा झाला. आप्पांचं बोट तसंच हवेत राहिलं.

"कुठं गेली चिठ्ठी?"

"कचरापेटीत. हे बघा, इथं."

त्यांचा चेहरा उतरला. कचरापेटीचं चित्रही होतं तिथं, छोटं, झाकणासकट.

"गिऱ्हाइकाची चिठ्ठी केरात?" एवढंच बोलून ते मेजावरून उठले आणि चपला घालून घरी गेले. अव्वांना वाटलं काय झालं, कोण गेलं!

दुसऱ्या दिवशी मी तोड काढली. म्हटलं, पुसूच नका, सगळे मेल राहू द्या, वाचलेला मेल आपोआप बारीक अक्षरात जातो, न वाचलेला ठळक राहतो. सगळं जग असंच करतं. आप्पा "हाव" म्हणाले. त्यांच्या "हाव"वर विश्वास ठेवायचा नाही हे मी एव्हाना शिकायला पाहिजे होतं. रोज सकाळी ते मेजावर बसत आणि यादी वरून खाली वाचत. एकाही चिठ्ठीवर रेघ नाही, म्हणजे एकही काम झालेलं नाही. मग ते प्रत्येकाला परत, मनापासून, नव्यानं उत्तर लिहीत. बेंगळुरूच्या माणसाला एकाच मागणीचा होकार दुसऱ्यांदा गेला. त्याचा नवऱ्याला फोन आला, दुसरी गाडी पण भरून राहिले का, असं विचारत.

नवरा दुकानातून थेट घरी आला. "बघ! म्हटलं होतं ना? येका तुरीला दोनदा हो! आता बास कर हे."

मी आप्पांकडे वळले. रागानंच. "आप्पा, तो मेल वाचला होता ना तुम्ही? दिसत होतं ना, अक्षर बारीक झालंय?"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझाच हिशेब चुकला होता.

"वाचलं व्हतं की. पन वाचलेलं आन केलेलं येकच हाय का, माय?"

मी ताटं मांडायला घेतली. नवरा लगेच जेवायला बसला, त्याला उशीर झाला होता. मला मात्र ते वाक्य रात्रीच्या भांड्यांपर्यंत सोडेना. खरंच, वाचलं म्हणजे झालं असं कुणी ठरवलं? आम्ही सगळे मेल वाचतो, बारीक करतो आणि विसरतो. आप्पांना विसरायचं नव्हतं. त्यांना काम झालेली चिठ्ठी झालेली दिसायला पाहिजे होती, आणि तरी ती संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोरून हलायला नको होती. त्यांना तार पाहिजे होती.

राहिला मुनीम. जुनाट, कुणी वापरत नाही तो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथं तर वीटही संपली होती. मोंढ्यात नव्या तुरीची पहिली पोती दिसायला लागली होती. मी मुनीम उघडला. इतका कुरूप प्रोग्रॅम मी आजवर पाहिला नाही. काय कुठं आहे ते सापडता सापडेना. आप्पा शेजारी बसून जांभया देत होते. त्यांनी निजामाबादच्या मेलला उत्तर दिलं, मी म्हटलं आता पुसा, आणि मनात म्हटलं आता हा पण उडणार.

मेल उडाला नाही. होता तिथंच राहिला. फक्त त्याच्या अंगावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक आडवी रेघ गेली.

आप्पा जांभई अर्धी सोडून पुढं सरकले. बोटानं त्यांनी पडद्यावरची रेघ चाचपून बघितली. मग दुसऱ्या, झालेल्या मेलवर बटण दाबलं. रेघ. तिसऱ्यावर. रेघ. वर एका कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ होती. ती दाबली की रेघवाले सगळे एकदम निघून जायचे. ती ओळ मी त्यांना दाखवली आणि ओरडून सांगितलं, "ही दिवाबत्तीला दाबायची!"

"अरे!" आप्पा म्हणाले. भिंतीवरच्या तारेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "हे तर आपल्यातलंच हाय की! कुन्या आडत्यानं केलंय का हे?"

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः ती ओळ दाबली, यादी रिकामी झाली, आणि महादेवापुढे दिवा लागला. मी दुकानाच्या दारात उभी होते. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला काहीच बोलले नाही. त्यालाच ते फार लागलं.

*

तो हंगाम आप्पांचा होता. सूप खुंटीला गेलं. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, भस्म, आणि दुकान. मेजावर ताठ बसून ते एका बोटानं धंदा करायचे. प्रत्येक मेल "शरणार्थ"नं सुरू व्हायचा आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नसायचा. दिव्याच्या आत उत्तर म्हणजे उत्तर. हैदराबादच्या शेठची मागणी परत सुरू झाली. बेंगळुरूचा माणूस, दुसऱ्या गाडीचं विचारलं होतं तो, नवऱ्याला फोनवर म्हणाला की तुमच्या वडिलांसारखं लगेच उत्तर आम्हाला बाजारात कुणी देत नाही. नवऱ्यानं ते मला जेवताना सांगितलं, खाली बघून. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आणि मग एका सकाळी मुनीम उघडल्याबरोबर वरती पिवळी पट्टी. हा प्रोग्रॅम लवकरच बंद होत आहे. ज्या कंपनीकडे आमचं खातं होतं तिनं ठरवलं होतं, यापुढे फक्त नवरदेव.

वेबसाइटवाला म्हणाला, "मी सांगितलंच होतं ताई. आता मधला घ्या. काही अडचण असेल तर हेल्पलाइनला फोन करा."

आप्पांनी पट्टी वाचली. दुपारी घरी आले तेव्हा त्यांचा हात खुंटीवरच्या सुपाकडे गेलेला मी पाहिला. सूप काढलं नाही त्यांनी, नुसतं चाचपलं. एवढं सगळं करून परत तिथंच?

मी त्यांना तसंच दुकानात परत आणलं आणि त्यांच्यासमोरच हेल्पलाइनला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खातं कुणाच्या नावावर आहे? खातं आप्पांच्या नावावर होतं. मग खातेदारांशीच बोलावं लागेल, मॅडम, नियम आहे.

"अहो, ते..." मी म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य या घरात कुणी उच्चारत नव्हतं. आप्पांनी माझं तोंड बघितलं आणि हात पुढं केला. मी मोबाईल दिला.

त्यांनी तो कानाला लावला. तीच ऐट, तोच ताठ मणका. "हाव," ते म्हणाले. थोडं थांबून, "हाव, हाव." तिकडची मुलगी पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होती, मला शेजारी तिचा बारीक आवाज येत होता. नवरा गल्ल्याजवळ उभा होता, त्याचा हात सवयीनं पुढं यायला लागला. आप्पांना तो हात दिसला.

त्यांनी मोबाईल कानापासून काढला. समोर धरून क्षणभर बघितला. नवऱ्याला दिला नाही. मला दिला.

"फोन खराब न्हाई, माय," ते म्हणाले. "कीबोर्ड हिकडं घे."

मग त्यांनी लिहिलं. एका बोटानं, आम्हा दोघांना मागे उभं ठेवून. एकेक अक्षर पडद्यावर येत गेलं आणि आम्ही वाचत गेलो:

"शरणार्थ. मी मालक. मला ऐकू येत नाही. बोलू नका, लिहा. काम झालेल्या मेलवर आडवी रेघ पाहिजे. मेल जागचा हलू नये. कचऱ्यात जाऊ नये. रेघवाले सगळे मी दिवाबत्तीला एकदम काढतो. तुमच्या नव्या प्रोग्रॅमात हे होते की नाही, लेखी कळवा. होत नसेल तर खाते दुसरीकडे हलवतो. राग नाही."

"मला ऐकू येत नाही." इतक्या वर्षांत ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं आणि आता डोळ्यांनी वाचत होते. माझे डोळे भरून आले. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, त्यालाही काही दिसेना. आप्पा मात्र एखादा सौदा टाकावा तसे मागं टेकून बसले. फोनवर सगळे त्यांना टाळत होते, लेखी त्यांनी अख्ख्या कंपनीला दटावलं होतं, आणि वर राग नाही म्हणाले होते!

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, साध्या हिंदीत आणि फार अदबीनं. नवरदेवाच्या सेटिंगमध्ये खोल आत एक चौकोन आहे. त्यात खूण केली की पुसलेला मेल कचरापेटीत जात नाही, जागेवरच फिकट होऊन बसतो. सगळे फिकट मेल एकदम काढायचीही सोय आहे. म्हणजे नवरदेवाच्या पोटात मुनीम होताच, फक्त कुणी विचारलं नव्हतं. मी चौकोन शोधला आणि खूण केली. आप्पांनी एक झालेला मेल पुसून बघितला. तो फिकट झाला, राखेच्या रंगाचा.

"रेघ न्हाई," मी त्यांच्या समोर येऊन म्हणाले. मला धाकधूक होती.

आप्पांनी मान तिरकी करून पडदा न्याहाळला, नमुन्याची तूर तळहातावर न्याहाळतात तसा. "भस्म लावल्यावानी दिसून राहिलंय," ते म्हणाले. "चालतंय. सौदा पक्का."

मग त्यांनी मला विचारलं, एखादी ओळ प्रत्येक मेलच्या खाली कायमची राहील असं करता येतं का. येतं म्हटलं. कोणती ओळ? त्यांनी स्वतःच टाइप केली: "मला ऐकू येत नाही, लिहावे."

ती ओळ बेंगळुरूला गेली, निजामाबादला गेली, हैदराबादला गेली. बेंगळुरूवाल्यानं परवा दर ठरवायला नवऱ्याला फोन केला, आणि नवरा काही बोलायच्या आत म्हणाला, तुम्ही राहू द्या, मी आप्पांना लिहितो. नवऱ्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. जिंकलेल्या माणसानं फार बघू नये.

पण सगळ्यात मोठं उत्तर हैदराबादहून आलं. शेठनं पेढीतल्या कुणाकडून नाही, स्वतः लिहिलं होतं: "आप्पा, ये तो कमाल हो गया. मेरे कान भी कब के गए. आप फोन पे क्या बोल रहे कुछ समझ में नै आता था, मैं भी बस हौ-हौ बोल के रख देता था. बच्चों को बोला, फोन नक्को, सब लिख के करो. आपको शरम से बोला नहीं. मिठाई खाने आओ एक बार."

आप्पांनी ते वाचलं. परत वाचलं. आणि मग ते हसायला लागले. इतके मोठ्यानं, की ओट्यावरचे हमाल आत डोकावले. दोन म्हातारे वर्षानुवर्षं फोनच्या दोन टोकांना बसून, काहीही ऐकू न येता, एकमेकांना हो हो म्हणत होते! आप्पा हसत होते, डोळे पुसत होते, आणि मी आणि नवरा एकमेकांना धरून हसत होतो, भर दुकानात.

त्या मेलला त्यांनी उत्तर दिलं. मग लातूरहून रेल्वेनं हैदराबादला जाऊन आले, मिठाई खाऊन आले, दोघं दोन दिवस समोरासमोर बसून कागदावर लिहून बोलले म्हणे. म्हणजे त्या मेलचं काम सगळ्या अर्थानं झालं. तरी रोज संध्याकाळी आप्पा फिकट मेल एकदम काढतात, यादी रिकामी होते, आणि तो एक मेल तेवढा वर तसाच राहतो. त्याच्यावर त्यांनी पुसायचं बटण दाबलेलंच नाही.

मी एकदा समोर जाऊन, मोठ्यानं विचारलं, "आप्पा, हा राहिलाय की! दिवा कसा लावायचा?"

"राहू दे, माय," ते म्हणाले आणि काडी ओढली. "म्हादेवाला म्या सांगितलंय."